मला कधी साप चावला नाही

आमच्या वणीच्या मंडळीत दर रविवारी गीतं होतात, वचन वाचून होतं, आणि मग पाळकसाहेब चष्मा काढून सदऱ्याला पुसत विचारतात, "आज साक्ष कोण देणार?" ज्यांना आमच्या उपासनेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. हा प्रश्न आला की मी पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत बसायचे. आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवर माझं तोंड पट्ट्यापेक्षा जोरात चालतं, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण साक्ष म्हटलं की माझी दातखिळी बसायची, कारण माझ्याकडे साक्षच नव्हती.

बाकीच्यांकडे एकेक काय साक्षी होत्या! बेबीताईंना कापूस वेचताना साप चावला होता. दवाखान्यात नेईपर्यंत त्यांनी येशूचं नाव सोडलं नाही, आणि त्या वाचल्या. साक्ष देताना त्या लुगडं जरासं वर करून पोटरीवरची खूण दाखवायच्या, आणि मागच्या ओळीतल्या बाया माना लांब करून बघायच्या. पण सगळ्यांत मोठी साक्ष विमलबाईंची. विमलबाई आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. त्यांचा नवरा कोळशाच्या ट्रकवर होता, आणि पिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घरात रोज मारझोड. "एका सकाळी मी जीव द्याले विहिरीकडे निघाली, पण देवानं मले अर्ध्या रस्त्यातून वापस फिरवलं," इथपर्यंत त्या आल्या की बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. पुढे नवऱ्याची दारू सुटली. आज तोच माणूस आमच्या उपासनेत ढोलकी वाजवतो, आणि अशी वाजवतो की म्हाताऱ्यांचेही पाय हलतात. देवाने त्यांना रस्त्यातून कसं फिरवलं ते मात्र विमलबाई कधी सांगत नसत. मला वाटायचं, पांढऱ्या कपड्यांतला कोणी भेटला असेल, प्रकाश दिसला असेल. एवढं मोठं काही घडल्यावर माणूस बोलणार तरी काय!

आणि माझं? आमच्या घरी आजोबांपासून विश्वास आहे. ते दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथेच त्यांना प्रभू भेटला. मी तर नाताळच्या नाटकात मेंढी होऊनच मोठी झाले. पुढे मेंढपाळ झाले, मग एकदा देवदूत, तोही मागच्या रांगेतला. वेळेवर बाप्तिस्मा झाला, वेळेवर लग्न झालं. नवरा असा मिळाला की दारू सोडा, तो सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. मुलगी चंद्रपूरला नर्स आहे, जावई गरीब स्वभावाचा आहे. मला कधी साप चावला नाही, विंचूसुद्धा नाही. आता हे उभं राहून सांगायचं काय? लोक म्हणतील, बाई, बस खाली.

हसू येतं आज, पण तेव्हा ते मनाला फार लागायचं. मला विमलबाईंचा चक्क हेवा वाटायचा. त्या बोलायला उठल्या की सगळी सभा श्वास रोखून बसायची, आणि मी सतरंजी आणखी जोरात उकरायचे. त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. ज्यांच्याकडे देव आला त्यांना तो आल्याचं कळलं. माझ्याकडे तो कधी आलाच नसेल तर? आमच्या दारावरून जाताना आत डोकावून 'इथे सगळं बरं आहे' म्हणत पुढे गेला असेल तर? मग मी कोण? नाव नोंदलेली ख्रिस्ती, जन्माने मिळालेलं नाव लावणारी, एवढीच? गिरणी सुरू असली की डोळ्यांत पाणी आलं तरी पिठामुळे आलं म्हणता येतं. ती एक सोय होती.

मग मी एक वेडेपणा केला. प्रार्थनेत मागू लागले की, प्रभू, मला काहीतरी होऊ दे. फार नको. ऑपरेशन नको, मुलीला काही नको, ह्यांनाही नको. पण सांगण्यासारखं काहीतरी होऊ दे, आणि त्यातून तू मला सोडव. पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा, खरं सांगते, मी आनंदाने अंथरूण धरलं. आता देव दिसेल! पण ह्यांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून गोळी आणली आणि ताप उतरला. त्या गोळीचा मला इतका राग आला की विचारू नका.

हिवाळ्यात पांढरकवड्याला बायांचा मेळावा ठरला. केळापूर, मारेगाव, महागाव, सगळीकडच्या मंडळ्यांतल्या बाया येणार होत्या. पाळकीणबाई गिरणीवर आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी वणीची साक्ष तुम्ही द्यायची. विमलबाई दर वेळी देतात, त्यांनाही जरा बसू द्या." मी हो म्हणून बसले. त्या दिवसापासून माझा तो ताप पुन्हा चढू लागला. मी दळण टाकता टाकता साक्षीची तालीम करायचे. पहिल्यांदा तो नुसता ताप होता. मग त्याचा मलेरिया झाला. मग टायफॉइड. मग डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी मी चक्कीच्या आवाजात जोरजोरात म्हणत होते, "डॉक्टर म्हणाले, आता प्रार्थनाच करा," तेवढ्यात आमचे हे पोतं खाली ठेवून जवळ आले. "तुले कधी टायफॉइड झालता वो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमचं लक्ष असते का घरात!" ते बिचारे विचारात पडले की खरंच बायकोला टायफॉइड होऊन गेला आणि आपल्याला कळलंच नाही की काय.

मेळाव्याला मी आणि विमलबाई काळीपिवळी जीपने निघालो. मनात धाकधूक एकच होती. मी तापात असताना पेज आणून देणाऱ्या विमलबाईच होत्या, आणि त्या समोरच बसणार होत्या. म्हणून मी गाडीतच जरा चाचपून पाहिलं. "विमलबाई, पावसाळ्यात माझी तब्येत किती बिघडली होती ना?" त्या म्हणाल्या, "हो ना ताई, तुमची गिरणी बंद होती तं मले दूर जा लागलं दळाले." झालं! माझा टायफॉइड तिथेच अर्धा उतरला.

मारेगाव सोडलं आणि गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर शिव्या देत जॅक शोधू लागला, आम्ही दोघी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसलो. समोर कापूस फुटलेला होता, पलीकडे तूर. एक बाई कंबरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. तिचा नवरा घरून डबा घेऊन आला, आणि पाणी आणायला विसरला. मग काय, तिने जी सुरुवात केली! "डबा आणला, पानी कोन आणन? भाकर घशात अडकून मेली तं मंग काय डब्यात पुरान मले?" नवरा निवांत खाली बसून म्हणतो, "कायले बोंबलतं? कालवण तूच केलं ना सकाळी? पाण्यावानीच आहे, तेच पे."

मी फिस्सकन हसले. पण विमलबाई! त्या हसता हसता वाकल्या, पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून धारा लागल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या हसत नाहीयेत, रडताहेत. मी घाबरले. पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय झालं? दुखते का कुठं?"

"नाही वो ताई," त्या म्हणाल्या. "असं भांडण ऐकलं का मले तुमचं घर आठवते."

मला काही उमगेना. मग त्या बोलल्या. मी ऐकलं तसंच लिहिते आहे, माझ्या पदरचं काही घालत नाही, कारण घालायची खोड आता मोडली आहे. "मी त्या दिवशी सकाळी विहिरीकडं निघाली, तं रस्ता तुमच्याच भिंतीवरून जाते ना. मले काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. आन् तुमच्या घरातून तुमचा आवाज आला. तुमी दादाले मिरचीवरून बोलून राह्यल्या होत्या."

मिरचीवरून म्हटल्याबरोबर मला ती सकाळ आठवली. त्याच्या दोन दिवस आधी धान्याच्या गिरणीचा पट्टा तुटला होता. पाळकसाहेबांच्या घरचे गहू दळायचे राहिले होते, तेव्हा आमच्या ह्यांनी अक्कल चालवली. मिरचीची चक्की फडक्याने पुसली आणि त्यात गहू घातले. रविवारी सकाळी पाळकसाहेब त्या पोळ्या खाऊन उपासनेला आले, आणि प्रार्थनेत त्यांच्या डोळ्यांतून असं पाणी वाहिलं की सगळी मंडळी गहिवरली. खरं कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकीणबाईंकडून कळलं. त्या गेल्या आणि मी ह्यांना घेतलं फैलावर. "अहो, सगळे समजले पाळकसाहेब आत्म्यानं रडून राह्यले! ते तुमच्या मिरचीनं रडत होते!" आणि आमचे हे, चहा फुंकत, अगदी शांतपणे म्हणाले होते, "मंग वाईट काय झालं? कोनाचा तरी पश्चात्ताप झालाच असन ना ते पाहून."

"ते मी ऐकलं," विमलबाई म्हणाल्या, "आन् भिंतीले टेकून मले हसू आलं. कितीक दिवसांनी हसली मी, ताई. मले वाटे सगळ्याच घरी माह्यासारखंच असते, दारं लावून घेतात म्हणून दिसत नाही. त्या दिवशी समजलं का नवरा-बायको असंबी भांडतात. मार नाही, शिवी नाही, मिरचीवरून! मी तठीच उभ्या उभ्या प्रार्थना केली. तवा मले प्रार्थना कुठं येत होती? मी म्हटलं, या घरचा जो देव असन त्यानं मलेबी असं भांडण द्यावं. आन् वापस फिरली. दुसऱ्या रविवारी तुमच्या मागं मागं देवळात आली."

  मी त्यांचा हात धरून म्हटलं, "मग इतकी वर्षं हे सांगितलं काहून नाही?"

"तुमच्या घरचं भांडण चारचौघांत कसं सांगाव? तुमाले राग आला असता." मग त्यांनी पदराने डोळे पुसले. "आन् खरं सांगू? मले साक्ष द्याले नाही आवडत. लोकांले हिंमत येते म्हणून सांगतो, पण दर रविवारी तो मार अंगावर पुन्हा उठते. घरी जाऊन मी निजून राह्यतो. मले तुमचा लय हेवा वाटते, ताई. तुमाले सांगाव लागन असं काहीच झालं नाही."

मी ज्या गोष्टीसाठी देवाशी भांडत होते, ती म्हणजे या बाईच्या अंगावरचे वळ होते. आणि ती ज्यासाठी तरसत होती ते माझ्या घरात रोज सकाळी चहाबरोबर सांडत होतं. मला इतकी लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्ही एकाच मनात कसं मावलं कोण जाणे. देव आमच्या दारावरून पुढे गेला नव्हता. तो आमच्या घरातच बसला होता, आणि आमचं भांडण ऐकून मला वाटतं तोही हसत होता. भिंतीच्या पलीकडे एक बाई चालली आहे हे मला माहीत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. मी विमलबाईंना मिठी मारली आणि दोघी रस्त्याच्या कडेला लहान पोरींसारख्या रडलो. ती कापूस वेचणारी बाई धावत आली, तिला वाटलं आमच्या घरी कोणी गेलं. काही नाही म्हटल्यावर तिने आमच्या ओटीत ओल्या तुरीच्या शेंगा घातल्या आणि म्हणाली, "खा माय, पोटात काही नसलं का असंच रडू येते."

मांडवात पोचलो तेव्हा गीतं सुरू झाली होती. वणीच्या मंडळीचं नाव पुकारलं. मी उठले. माईक कर्कश ओरडला आणि गप्प झाला. एवढ्या बाया समोर, आणि माझ्याजवळ टायफॉइड नव्हता.  मी मनात एवढंच म्हटलं, प्रभू, तू मला जशी घडवलीस तशीच मी इथे उभी आहे, आता तू जाण आणि तुझं काम जाणे.

"बहिणींनो," मी म्हटलं, "मले काहीच झालं नाही."

 कोणीतरी खोकललं. पाळकीणबाईंच्या चेहऱ्यावरचा उडालेला रंग मला तिथूनही दिसला.

"मले कधी साप चावला नाही. माह्या नवऱ्यानं कधी दारू पिली नाही. पावसाळ्यात ताप आलता, तो एका गोळीनं गेला. मी त्याचा टायफॉइड करून आणला होता तुमच्यासाठी, पण रस्त्यात सांडला." इथे पहिल्यांदा हशा झाला, आणि माझी जीभ सुटली. "मी देवाजवळ रडत होती का मले काहून काही होत नाही. दुसऱ्याचं दुःख पाहून मी म्हणे, हे मले काहून नाही दिलं! अशी येडी बाई पाहिली का तुमी? आज मले समजलं. मले काही झालं नाही, हेबी त्यानंच केलं. साधं घर त्यानं दिलं. हे मोठं तोंडबी त्यानंच दिलं. मी कधी त्याचं थँक्यू नाही म्हटलं. तेच सांगाले आज उभी आहे."

पुढचं सांगायचा हक्क माझा नव्हता, म्हणून मी थांबले. तर विमलबाई स्वतःच उठून माझ्याजवळ आल्या. माईक त्यांनी हातात घेतला, आणि पहिल्यांदाच त्यांची साक्ष मारापासून सुरू झाली नाही. ती मिरचीपासून सुरू झाली. पाळकसाहेबांच्या पोळ्या आल्या तेव्हा अख्खा मांडव हसून लोटपोट. पाळकीणबाई सगळ्यांत जास्त हसत होत्या, त्यांनीच तर त्या पोळ्या लाटल्या होत्या. भिंत आली तेव्हा मागच्या बाया पुढे सरकून बसल्या. विमलबाई रडल्या नाहीत. त्या हसऱ्या चेहऱ्यानेच खाली बसल्या.

आणि मग मागून एक नवी सून उठली, महागावकडची. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मलेबी काही झालं नाही. मले वाटे मी खरी विश्वासीच नाही." तिच्या शेजारची म्हणाली, मलाही नाही. मग इकडून एक हात, तिकडून एक हात. केळापूरची एक म्हातारी काठी टेकत उठली आणि म्हणाली, "मले लय काही झालं, पण आज यांचं ऐकून मले बरं वाटलं." त्यानंतर जे गीत झालं तसं गीत मी आजवर ऐकलेलं नाही. ढोलकी नव्हती तर बायांनी डब्यांवर ताल धरला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय मंग, सांगितला का टायफॉइड?" मी म्हटलं, "नाही. तुमची मिरची सांगितली."  मग मी त्यांना सगळं सांगितलं, भिंतीचं, विमलबाईंचं.  ते उठून भिंतीजवळ गेले आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला.

गिरणीवर येणारं प्रत्येक माणूस आपला डबा आणतं. कोणाची ज्वारी, कोणाचे गहू, कोणाच्या तांदळाच्या कण्या. ज्याचं जे असेल ते आपण दळून द्यायचं, अदलाबदल करायची नाही. एवढी साधी गोष्ट मी जन्मभर हाताने केली आणि मनाला शिकवली नाही. माझ्या डब्यात त्याने जे घातलं ते मी आता झाकण उघडून आनंदाने पाहते, आणि ते कशासाठी आहे हे विचारत नाही. भिंतीपलीकडून कोण चाललं आहे ते त्याला ठाऊक आहे. त्याने मला मी केलं, मेंढी केलं, मागच्या रांगेतला देवदूत केलं, गिरणीवाली केलं, यासाठी त्याचे आभार मानताना आता माझी दातखिळी बसत नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहात साखर घालायला विसरले. मी पहिला घोट घेतला आणि सवयीने आवाज चढवला, "अहो, हा चहा आहे का काढा? साखर काय चंद्रपूरहून आणाव लागते?" हे शांतपणे म्हणाले, "काल एवढं थँक्यू म्हणून आली, आज गोड कायले पाहिजे?" मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून विमलबाईंचा खणखणीत आवाज आला, "आमेन!"